दार आपटू नका

जुन्या फियाट गाड्यांच्या आमच्या क्लबात माणसांना नावं नाहीत, गाड्यांचे रंग आहेत. ऐरोलीचा एक इलेक्ट्रॉनिक्सवाला पोरगा आहे, तो ‘निळा’. चरईतले दातांचे डॉक्टर ‘बाटली-हिरवे’. डोंबिवलीचे निवृत्त हेडमास्तर ‘डुक्कर’, आणि त्यांना त्यात काही वावगं वाटत नाही, कारण १९५०च्या दशकातल्या त्या गोलमटोल फियाटला आपल्याकडे सगळेच डुक्कर फियाट म्हणतात. मी ‘बदामी’. ‘बदामीला आज सर्दी झालीये’ असं मी फोनवर म्हणते तेव्हा घरातल्यांना पत्ता लागत नाही की माझ्याबद्दल बोलतेय की गाडीबद्दल.

दरवर्षी जानेवारीत एक शनिवार-रविवार गाठून आमचा वार्षिक मेळावा असतो. मेळावा म्हणजे काय, तर पहाटे उपवनला जमायचं, कुठेतरी दोन दिवस जायचं, आणि सगळ्यांनी परत यायचं. यातला शेवटचा भाग सर्वांत अवघड.

यंदा साडेपाचला तलावाकाठी सतरा गाड्या उभ्या होत्या. ठाण्यात थंडी पडते ती येऊरच्या पायथ्याशीच, बाकी शहरात नुसती चर्चा. त्या थंडीत चोक ओढून, दोन-तीनदा खाकरून, एकेक इंजिन जागं होत होतं. फिरायला आलेले लोक थबकून बघत होते. ‘शूटिंग आहे का हो?’ हा प्रश्न दरवर्षी कुणीतरी विचारतंच. यंदा एका आजोबांनी विचारला आणि उत्तराची वाट न बघता माझ्या गाडीच्या टपावर हात फिरवत म्हणाले, “आमच्याकडे होती. पांढरी.” हेही दरवर्षी होतं. ज्यांच्याकडे फियाट होती त्यांची संख्या काढली तर जितक्या बनल्या त्याच्या दुप्पट निघेल.

आत पुढच्या सीटवर अण्णा बसले होते. मफलर, माकडटोपी, मांडीवर पाण्याची बाटली. त्यांच्या चेहऱ्यावर बसस्टॉपवर बसलेल्या माणसाचा भाव होता.

अण्णा म्हणजे माझे वडील, वय त्र्याऐंशी. क्लबात मी सामील झाले त्याला बारा वर्षं झाली आणि प्रत्येक जानेवारीत मी त्यांना चला म्हटलंय. उत्तर ठरलेलं. “तेहतीस वर्षं रोज बघितल्या. आता सुट्टीच्या दिवशीपण?” यंदा ते आले याचं कारण भावनिक वगैरे नाही. त्यांच्याकडे बघायला येणाऱ्या मावशी गावी गेल्या होत्या आणि दिवाळीत बाथरूममध्ये पडल्यापासून त्यांना एकटं ठेवता येत नाही. म्हणजे सामान म्हणून आले म्हणा.

अण्णा १९६५ साली कुर्ल्याला प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये लागले. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली काढलेली कंपनी. आधी अमेरिकेच्या डॉज आणि प्लिमथ जुळवायची, मग इटलीच्या फियाटकडून परवाना घेऊन गाड्या बनवायला लागली. संगमेश्वरहून आलेला तेवीस वर्षांचा मुलगा ठाण्याला चुलत्याकडे राहिला, रोज स्लो लोकलने कुर्ल्याला गेला, आणि त्याच्या हातात दारं आली. दारं बसवणं हे त्यांचं काम. चौकटीला बिजागरीवर दार टांगायचं, चहूबाजूंची फट सारखी येते का बघायची, समोरच्या खांबावरची कडी वर-खाली सरकवून दार तिच्यात अलगद बसतंय ना ते पाहायचं. बस. गाडी पुढे. त्यांच्या काळात गाडीचं नाव दोनदा बदललं. ते लागले तेव्हा ती फियाट अकराशे डिलाइट होती, इटलीशी करार संपल्यावर प्रीमियर प्रेसिडेंट झाली आणि १९७४पासून प्रीमियर पद्मिनी. “नावं बदलली, दार तेच,” हा त्यांचा या सगळ्या इतिहासावरचा एकमेव शेरा.

आमच्याकडे गाडी कधी नव्हती. नव्हती म्हणजे विषयच नव्हता. त्या काळी फियाटसाठी लोक पैसे भरून वर्षानुवर्षं नंबर लावायचे. ती डॉक्टरांकडे असायची, वकिलांकडे असायची. आम्ही संगमेश्वरला एसटीने जायचो. फियाटमध्ये बसायचो ते फक्त मुंबईत टॅक्सीत, आणि तेही कधीमधी, दवाखान्याला किंवा लग्नाला. उतरल्यावर अण्णा दार लावायचे, थांबायचे, पुन्हा उघडून पुन्हा लावायचे. टॅक्सीवाले चिडायचे. दारावर ‘दरवाजा आहिस्ता’ लिहिलेलं असायचंच. आई मान खाली घालून पुढे चालायला लागायची.

तर मी २०१३ साली बदामी घेतली. १९९७ची पद्मिनी, नंबर एमएच-०४, एका निवृत्त मास्तरांकडून पंचेचाळीस हजाराला. नवऱ्याला वाटलं माझं डोकं फिरलंय. मला वाटलं मी अण्णांसाठी काहीतरी महान केलंय. त्यांना डोळे मिटायला लावून वर्तकनगरच्या आमच्या बिल्डिंगखाली आणलं. त्यांनी डोळे उघडले, गाडीला एक फेरी मारली, डावीकडचं मागचं दार उघडलं, लावलं. परत उघडलं, परत लावलं. म्हणाले, “हे आपलं नाही. दार बदललंय.” आणि चहाला वर गेले.

मास्तरांना फोन केला. ते म्हणाले, होय, २००४ साली मागून रिक्षा घासली होती, दार कुर्ल्याच्या भंगारातून आणलं होतं. तुम्हाला कुणी सांगितलं?

सोसायटीचं पुराण इथे लावत नाही. एवढंच सांगते की कमिटीच्या मते पार्किंगमध्ये ‘वापरात नसलेली वाहने’ ठेवता येत नाहीत, आणि मी दर महिन्याला रविवारी सकाळी सात वाजता, सेक्रेटरींच्या खिडकीखाली, इंजिन दहा मिनिटं चालू ठेवून गाडी वापरात असल्याचा पुरावा देते.

निघायच्या आधी आमचा एकच नियम वाचून दाखवला जातो. सगळ्यात हळू गाडी सगळ्यात पुढे. म्हणून डुक्कर पुढे, मग डिलाइट, मग आम्ही पद्मिन्या, आणि शेवटी एक ११८ एनई. ही प्रीमियरचीच १९८५ची गाडी, इंजिन निसानचं, त्यामुळे तिला उगाचच आपण धावू शकतो असं वाटतं. तिच्यामागे उस्ताद.

उस्ताद राबोडीचे. हात कायम काळे, बोलणं कमी. त्यांना आम्ही वर्गणीतून मानधन देतो, राहण्या-जेवण्याचं बघतो, आणि ते आपल्या सीएनजी वॅगनआरच्या डिकीत आमचा जीव घेऊन येतात. डिस्ट्रिब्युटरच्या टोप्या, सीबी पॉइंट, कंडेन्सर, फॅनबेल्ट, क्लच केबल, पंपाची किटं. त्यांच्याकडे स्वतःची फियाट नाही. एकदा मी विचारलं होतं का नाही, तर म्हणाले, “मॅडम, डॉक्टर आजारी पडायला हॉस्पिटलात जातो काय?”

सुटे भाग हेच आमच्या क्लबाचं खरं काम, मेळावा नुसतं निमित्त. पद्मिनी बनायची थांबली २००१ला, पण तरी पुढची वीस वर्षं आम्हाला सामानाची चणचण भासली नाही, कारण मुंबईत काळ्या-पिवळ्या टॅक्सी होत्या. हजारो टॅक्सी रोज पळत होत्या म्हणून त्यांचं सामान कुणीतरी बनवत होतं आणि विकत होतं, त्यात आमचंही भागायचं. मग टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा आली. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेवला २९ ऑक्टोबर २००३ला नोंदलेली होती, ती २०२३च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून गेली. पेपरांत हळवे लेख आले, लोकांनी फोटो टाकले. आम्ही त्या आठवड्यात कुर्ल्याच्या भंगारवाल्यांकडे रांग लावून बसलो होतो. निळ्याने सहा डिस्ट्रिब्युटर घेतले. आम्हा हौशी लोकांची गाडी टॅक्सीवाल्यांच्या जिवावर चालली होती हे मला त्या दिवशी कळलं. तोवर आम्ही त्यांना ‘गाडीची वाट लावणारे’ म्हणत होतो.

साकेतचा पूल, रांजनोली, कोनगाव, दुर्गाडी. इथपर्यंतचं वर्णन काय करायचं, ठाणेकरांना माहीत आहे आणि बाकीच्यांना सांगून पटणार नाही. शहाडचा पूल ओलांडून मुरबाड रस्त्याला लागलं की गाडीचा आवाज ऐकू यायला लागतो. म्हारळ, वरप, कांबा मागे पडले, रायते पुलावरून उल्हास नदी दिसली, तिच्यावर धुकं बसलेलं. हँडगिअर चौथ्यात टाकून मी पंचेचाळीसवर गाडी धरली. पुढची तिकोनी काच थोडी तिरकी केली की वारा बरोबर मांडीवर येतो. आजच्या गाड्यांत हे का नाही, असं मी दरवर्षी म्हणते. यंदा अण्णांनी उत्तर दिलं. “कारण त्यांच्यात एसी आहे.”

सरळगावला नाश्ता. डुक्करभोवती गर्दी जमली होती. हेडमास्तरांनी तिला दोन वर्षांपूर्वी विंटेज म्हणून नोंदवून घेतलं. केंद्राने २०२१मध्ये नियम केले, पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ रूपातल्या गाडीला ‘व्हीए’ अक्षरांचा वेगळा नंबर मिळतो, नव्याने नोंदणीला वीस हजार. पण मग ती रोज चालवता येत नाही. प्रदर्शन, रॅली, संशोधन, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती, एवढ्यासाठीच बाहेर. हेडमास्तर कुणाला तरी सांगत होते, “कोथिंबीर आणायला नेली तर ते संशोधन धरतील का, हा प्रश्न आहे.”

अण्णा गर्दीतून वाट काढत डुक्करच्या पुढच्या दाराशी गेले. या गाडीची पुढची दारं उलटी आहेत. म्हणजे बिजागरी मागे, मधल्या खांबावर, आणि दार पुढच्या बाजूने उघडतं, कपाटासारखं. अण्णा लागले तेव्हा ती दारं बंद होऊन सुलटी आली होती, त्यांनी हे काम कधी केलं नव्हतं. त्यांनी वाकून बिजागरी बघितली.

“चालू गाडीत उघडलं तर?” कुणीतरी विचारलं.

“वारा धरेल आणि उपटून नेईल. म्हणून तर बदललं.” मग हेडमास्तरांना म्हणाले, “छान बसलंय. पण बसायला-उतरायला हेच बरं होतं, साडीवाल्या बायकांना.” हेडमास्तरांच्या सौभाग्यवतींनी इतक्या जोरात मान हलवली की वडा बशीतून पडला.

टोकावडे, वैशाखरे, आणि समोर सह्याद्रीची भिंत. माळशेज लोकांना पावसाळ्यात माहीत असतो, धबधबे, ढग आणि गाड्यांच्या टपांवर नाचणारी पोरं. जानेवारीत तो खरा दिसतो. धबधब्यांच्या जागी कातळावर काळे ओघळ, वाळलेलं गवत, आणि वर बघताना मान दुखेल एवढी उंची. दुसऱ्या गिअरमध्ये चढत होते. पुढे उसाचा की कांद्याचा कसला तरी ट्रक, त्याच्यापुढे आमचं डुक्कर, त्याच्यापुढे रिकामा रस्ता. मागे ११८ एनईपासून पुण्याच्या एसयूव्हींपर्यंत सगळे हॉर्न वाजवत होते. एका वळणावर बदामीने दोन आचके दिले आणि बंद पडली.

आता यातलं गंमतीचं सांगते. नवी गाडी बंद पडली तर तुम्ही एकटे असता. टोल-फ्री नंबर लावता, लोकेशन पाठवता, एसी बंद म्हणून काच खाली करून बसता. शेजारून जाणारा माणूस थांबत नाही, कारण थांबून तो करणार काय, बॉनेट उघडलं तरी आत काळं प्लास्टिकचं झाकण. फियाट बंद पडली की दहा मिनिटांत बारा माणसं जमतात आणि बारांचंही वेगळं निदान असतं. बाटली-हिरवे म्हणाले पॉइंट. निळा म्हणाला कॉइल. ट्रकवाला उतरून आला आणि म्हणाला, “ताई, पेट्रोल संपलंय.” हेडमास्तर पुढून चालत आले आणि त्यांनी सगळ्यांना रस्त्याच्या कडेला एका रांगेत उभं केलं, सवयीने.

उस्ताद आले, पेट्रोल पंपाला हात लावला आणि चटका बसल्यासारखा काढला. जुन्या गाडीतला पंप इंजिनाच्या अंगालाच चिकटलेला. चढावर, हळू वेगात, इंजिन तापलं की पंपातलं पेट्रोल नळीतच वाफ होऊन बसतं आणि कार्ब्युरेटरपर्यंत पोचत नाही. यावर उपाय जगात एकच, ओलं फडकं. अण्णांच्या मांडीवरची बाटली कामी आली. फडकं गुंडाळून पंधरा मिनिटं थांबलो. चालू झाली, पन्नास पावलं गेली, परत बंद.

“पडदा गेला,” उस्ताद म्हणाले. पंपात एक रबरी पडदा असतो, तो वर-खाली होऊन पेट्रोल ओढतो. उस्तादांच्या मते पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल यायला लागल्यापासून जुन्या गाड्यांचं रबर टिकत नाही, फुगतं नाहीतर कडक होतं. पूर्वी पाच-पाच वर्षं न बघितलेले पडदे ते आता दरवर्षी बदलतात. या गाड्या बनल्या तेव्हा असं पेट्रोल कुणाच्या स्वप्नातही नव्हतं, त्यामुळे गाडीला दोष देता येत नाही. पेट्रोललाही देता येत नाही, ते काही आमच्या सतरा गाड्यांसाठी निघत नाही.

त्यांनी पंप खोलला. अण्णा खाली उतरून कठड्यावर बसले होते. उस्तादांनी चार स्क्रू काढून बाजूला ठेवले आणि एक घरंगळायला लागला तो अण्णांनी चपलेने अडवला. न बोलता पुढे केला. मग दुसरा लागेल तेव्हा दुसरा. दोघांचं बोलणं सुरू झालं ते मला अर्धंमुर्धंच ऐकू आलं.

“किती साल होते?”

“पासष्ट ते अठ्ठ्याण्णव.”

“कुठल्या खात्यात?”

“दारं.”

उस्तादांनी पहिल्यांदा मान वर करून बघितलं. “मग नव्वदनंतर मागच्या दाराची कडी का बदलली तुम्ही? फार त्रास दिला हो ती आम्हाला.”

“आम्ही कुठे बदलली! वरून आली. आम्हालाही दिलाच की.”

आणि दोघं हसले. अण्णा असे हसताना मी आई गेल्यानंतर बघितले नव्हते. पाचेक मिनिटं ते त्या कडीबद्दल बोलत होते, तिला कानस कुठे मारायची, वॉशर कुठे घालायचा. आम्ही सोळा-सतरा मालक आजूबाजूला उभे होतो, प्रत्येकाने या गाडीवर लाखभर तरी ओतलेला, पुस्तकं वाचलेली, मूळ रंगाच्या डब्यासाठी कोइम्बतूरपर्यंत फोन केलेले. आणि त्या कडीबद्दल बोलण्यासारखं आमच्यापैकी एकाकडेही काही नव्हतं. ज्या दोघांना गाडी आतून माहीत होती त्या दोघांचीही ती नव्हती. माझ्या हातात ओलं फडकं होतं, ते मी पिळत राहिले.

बदामी सुरू झाली. घाटमाथ्यावरचा तो छोटा बोगदा गेला, खुबी फाट्यापाशी हरिश्चंद्रगड उजेडात आला आणि डावीकडे पिंपळगाव जोगा धरणाचं पाणी लांबवर पसरलेलं. अण्णा झोपले होते.

जुन्नरला रात्री वार्षिक सभा. तिचा वृत्तांत देण्यात अर्थ नाही. ११८ एनईला पूर्ण सदस्यत्व द्यायचं की सहयोगी, हा वाद सलग चौथ्या वर्षी झाला आणि सलग चौथ्या वर्षी पुढे ढकलला गेला. नोंदणीचं नूतनीकरण सहाशेचं पाच हजार झालं २०२२मध्ये, त्यावर सगळ्यांनी यथेच्छ तोंडसुख घेतलं. मग मासवडी आणि बाजरीची भाकरी. मासवडीत मासा नसतो हे निळ्याला माहीत नव्हतं, तो शाकाहारी आहे, त्याने अर्धा तास उपाशी काढला.

जेवणाआधी मात्र एक प्रकार झाला. बाटली-हिरव्यांनी माझ्या नकळत शाल आणि नारळ आणून ठेवला होता. ‘ज्यांच्या हातांनी आपल्या गाड्या घडल्या’ वगैरे प्रास्ताविक झालं. अण्णांना उभं केलं. मला घाम फुटला, कारण मी त्यांना ओळखते.

“तुम्ही लोक फार प्रेमाने बोलता,” अण्णा म्हणाले. “आम्ही नोकरी करत होतो. पाळी संपायची कधी तेवढं बघायचो. उन्हाळ्यात शेडमध्ये उभं राहवायचं नाही. मला गाडीचं काही वाटत नव्हतं, खरं सांगतो. दार नीट लागलं नाही तर पुढचा माणूस परत पाठवायचा, म्हणून नीट लावायचो.”

शांतता. एकाने तरीही विचारलंच, “पण काका, आज आपली गाडी अजून रस्त्यावर बघून कसं वाटतं?”

अण्णांनी विचार केला. “आश्चर्य वाटतं,” म्हणाले. लोक हसले. “नाही, खरंच. ती इतकी वर्षं टिकेल असं आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर...” इथे ते थांबले. मला वाटलं आता येईल काहीतरी, गळा दाटेल. “...तर जादा बोनस मागितला असता,” ते म्हणाले आणि बसले. शाल त्यांनी खांद्यावरून काढून उस्तादांच्या अंगावर टाकली, कारण उस्ताद दारात उघड्यावर बसले होते आणि जुन्नरला जानेवारीत खरी थंडी असते.

रविवारी सकाळी नाणेघाट. कल्याणच्या बाजूने वैशाखऱ्यातून पायी चढावं लागतं, पण जुन्नरकडून घाटघरमार्गे तीसेक किलोमीटर गेलं की गाडी थेट माथ्यावर. वाटेत शिवनेरीला खालूनच हात जोडले, अण्णांना पायऱ्या झेपणाऱ्या नाहीत. घाटघरच्या पुढे जीवधन किल्ला आणि त्याला खेटून उभा सुळका, वानरलिंगी. याला ‘खडा पारशी’ही म्हणतात. सकाळच्या उन्हात तो खरोखरच टोपी घालून कुणाची तरी वाट बघत असल्यासारखा दिसतो.

माथ्यावर वाटेशेजारी तो दगडी रांजण आहे. सातवाहनांच्या काळात कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरातून आलेला माल या चिरेतून वर जुन्नरला यायचा आणि जकातीची नाणी या रांजणात पडायची, असं सांगतात. खालच्या लेण्यात नागनिका राणीचा ब्राह्मी लिपीतला लेख आहे, यज्ञांत दिलेल्या गायींचे आणि कार्षापणांचे, म्हणजे तेव्हाच्या नाण्यांचे, आकडे त्यात कोरलेत. दोन हजार वर्षांहून जुना हिशेब. आम्ही तरणे लोक खाली उतरून बघून आलो. भिंतीवर राजघराण्याच्या मूर्ती होत्या, वर त्यांची नावं शाबूत आहेत आणि खाली फक्त पावलं उरलीत.

वर आले तर अण्णा रांजणात डोकावत होते.

“फास्टॅग,” मी म्हटलं.

“बैल घेऊन यायचे ना? एकटा कुणी येत नसेल,” ते म्हणाले. “तांड्यानेच येत असणार. एकाचा बैल बसला तर बाकीच्यांनी माल वाटून घ्यायचा.” त्यांनी खाली कोकणाकडे बघितलं, जिथून आम्ही काल सतरा गाड्या घेऊन वर आलो होतो. त्यांना त्यातून काही सुचवायचं होतं की नुसतं बैलांबद्दल बोलायचं होतं, कळलं नाही. मी विचारलं नाही.

खोडदला जायचं मात्र त्यांनीच काढलं. नारायणगावजवळच्या या गावात रेडिओ दुर्बीण आहे, जीएमआरटी, प्रा. गोविंद स्वरूपांनी उभी केलेली. पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्या, काही जवळजवळ तर काही पंचवीस किलोमीटरपर्यंत तीन दिशांना शेतांतून पांगलेल्या. आत जायला परवानगी नव्हती, पण त्यातली एखादी रस्त्यावरूनही दिसते, कांद्याच्या वावराच्या पलीकडे, आभाळाकडे तोंड करून. निळ्याने सगळ्यांना लांबच थांबवलं. म्हणाला, इथे मोबाइलसुद्धा बंद करायला लावतात, आणि आपल्या गाड्यांच्या प्लगमधली ठिणगी रेडिओला खरखर म्हणून ऐकू जाते. कुठल्या तरी आकाशगंगेचा आवाज ऐकत असलेल्या शास्त्रज्ञांना मधेच डुक्कर फियाट ऐकू आली तर बरं दिसणार नाही. आम्ही इंजिनं बंद करून चालत गेलो.

अण्णा अर्धा तास ती तबकडी बघत होते. मी त्यांना निळ्याने सांगितलेलं सांगितलं, की ती भरीव पत्र्याची नाही, बारीक स्टीलच्या तारेची जाळी ताणून बसवलीये, म्हणजे वजन कमी आणि वारा आरपार जातो, म्हणून इतकी मोठी इतक्या स्वस्तात झाली. त्यांनी तीन वेळा विचारलं जाळी ताणतात कशी. तारेचे दोर, त्यांना पीळ, त्यावर जाळी. “म्हणजे खाटेसारखी,” ते म्हणाले. “आणि सगळीकडे सारखा ताण पाहिजे. हे बसवणाऱ्याचं काम आहे.” दोन दिवसांत मी त्यांना इतकं खूश बघितलं नव्हतं. सतरा जुन्या गाड्या मी त्यांना दाखवायला आणल्या आणि त्यांना आवडली ती तबकडी.

उतरताना माळशेजमध्ये दुसरा गिअर सोडायचा नाही. चारही चाकांना ड्रम ब्रेक, सतत दाबत राहिलं की तापून पकड सोडतात, त्यामुळे गाडी इंजिनाने अडवत आणायची. मागून हॉर्न, पुढे डुक्कर. सूर्य पाठीमागे डोंगराआड गेला नव्हता, समोर कोकणावर उतरत होता आणि काचेवर कालची सगळी धूळ सोनेरी दिसत होती. कुणीही बंद पडलं नाही. यामुळे उस्ताद जरा हिरमुसले असावेत. मुरबाडला चहा, मग गाड्या एकेक करून गळायला लागल्या. डोंबिवलीचं डुक्कर कल्याणला वळलं आणि त्याच्याबरोबर आमचा सावकाशपणाही गेला.

साकेतला वाहतूक तुंबली होती. पुढे ब्रेकचे लाल दिवे, शेजारी एसटी. खिडकीतून एक बाई वाकून बघत होती. तिने आपल्या मुलाला काहीतरी दाखवलं. अण्णांनी काच खाली केली आणि तिला हात केला. मी काही बोलले नाही.

वर्तकनगरला पोचलो तेव्हा साडेआठ झाले होते. सेक्रेटरी गॅलरीत उभे होते, मी मुद्दाम एकदा ॲक्सिलरेटर दाबला. अण्णांना हात देऊन उतरवलं. त्यांची पिशवी मागच्या सीटवर होती, ती मी डाव्या दाराने काढली आणि दार लावलं. भंगारातून आलेलं ते दार.

अण्णा जिन्यापाशी पोचले होते. थांबले, वळले, काठी टेकत परत आले. दार उघडलं, लावलं. परत उघडलं. खालच्या बिजागरीपाशी दोन बोटं घालून दार हलक्याने वर उचललं, मान तिरकी करून ऐकलं.

“उतरलंय,” म्हणाले. “बारा वर्षं अशीच आपटतेस? कडीला हात लावू नकोस, कडीचा दोष नाही. बिजागरीखाली पातळ पत्रा घालावा लागेल.”

“उस्तादांना सांगते.”

“त्याला कशाला त्रास. उद्या दहाचा पाना काढून ठेव. आणि एक स्टूल, मला वाकता येत नाही.”